'चालतंय' म्हणाले आणि अर्ज नामंजूर झाला

त्या गुरुवारी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या नगरपालिकेचा माणूस, माझ्या कर-कपातीच्या अर्जासाठी अकरा वाजता घर बघायला येणार होता आणि मी पहाटे साडेपाचपासून तयारीला लागले होते. कॅलिपर चढवायला मला आता पाऊण तास लागतो. आधी लांब मोजा, मग बूट, मग पोटरीचा पट्टा, मांडीचा पट्टा आणि शेवटी उभं राहून गुडघ्याचं कुलूप. पूर्वी हे सगळं दहा मिनिटांत व्हायचं. पाय लोखंडात अडकवून झाल्यावर मी व्हीलचेअर घडी केली, न्हाणीघराजवळ वॉशिंग मशीनच्या बाजूला उभी केली आणि वर चादर टाकली. इस्त्रीचा कुर्ता घातला. चहाचं आधण तयार ठेवलं. बेल वाजली तेव्हा मी दोन्ही कुबड्यांवर दारात उभी होते.

पहिल्यांदा घरी येणाऱ्या माणसाचं उभं राहून स्वागत करायचं, हे माझ्यात इतकं मुरलंय की तो माणूस नेमका कशासाठी येतोय याचा त्या क्षणी विचारच केला नाही.

पंचविशीतला मुलगा होता, अगदी सभ्य. त्यानं बूट काढू का विचारलं. मागची खोली बघितली, तिथला माझा पलंग बघितला, स्वयंपाकघर बघितलं, टॅबलेटवर काहीतरी टिपलं. मग विचारलं, घरात वावरताना त्रास होतो का? मी म्हणाले, "आय मॅनेज." व्हीलचेअर वापरता का? "समटाइम्स." आम्ही तासगावकडचे. कुणी काहीही विचारलं तरी आमच्याकडे पहिलं उत्तर 'चालतंय की' हेच असतं. पाऊस पडला नाही, चालतंय. द्राक्षाला भाव मिळाला नाही, चालतंय. इंग्रजीत मी त्याला तेच सांगितलं. पंधरा मिनिटांत तो गेला. दार लावून मी सोफ्यावर बसले ती दुपारी नवरा येईपर्यंत उठू शकले नाही.

एप्रिलमध्ये पत्र आलं. अर्ज नामंजूर.

हा अर्ज होता कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, अपंग रहिवाशाला मिळणाऱ्या कपातीचा. इंग्लंडमध्ये राहून मला सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली तेरा या घरात, आणि अशी काही कपात असते हे मला माहीतच नव्हतं. जानेवारीत एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिथं एक ताई भेटल्या, त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बिलांचा विषय निघाला आणि त्या सहज म्हणाल्या, "आम्हाला एक बँड खालचं बिल येतं. त्याच्या व्यायामाची खोली आहे ना, तिच्यामुळे. दहा वर्षं झाली." मी विचारलं, पण टॅक्स तर तुमच्या यजमानांच्या नावावर असेल? त्या म्हणाल्या, "नाव कुणाचंही असू दे. अपंग माणूस त्या घरात कायमचा राहायला हवा. लहान मूल असलं तरी चालतं." घरी येऊन मी त्याच रात्री नियम शोधून वाचायला घेतले. मी शाळांचे पगार आणि हिशेब करते, घरूनच. नियम वाचायचा मला कंटाळा नाही.

जे वाचलं ते इथं सविस्तर लिहिते, कारण आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा, मुलं, पक्षाघातानं बसलेली माणसं आहेत, आणि गेल्या वर्षभरात मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता.

कौन्सिल टॅक्स इथं १ एप्रिल १९९३ पासून आहे. त्याआधी पोल टॅक्स, म्हणजे माणशी कर होता, त्यावरून मोठा असंतोष झाला आणि तो गेला. नव्या पद्धतीत घरावर कर लागतो आणि घराची किंमत १ एप्रिल १९९१ ला किती असती त्यावरून त्याला ए ते एच असा बँड मिळतो. इंग्लंडमध्ये चाळीस हजार पौंडांपर्यंतचं घर ए, बावन्न हजारांपर्यंत बी, अडुसष्ट हजारांपर्यंत सी, अठ्ठ्याऐंशी हजारांपर्यंत डी, असं वर चढत जातं. आजच्या किमतींशी त्या आकड्यांचा काही संबंध उरलेला नाही, पण बँड अजून त्यावरच आहेत. सगळं गणित डी बँडला नऊ भाग धरून चालतं. ए म्हणजे सहा भाग, बी सात, सी आठ, डी नऊ, ई अकरा, एफ तेरा, जी पंधरा, एच अठरा.

आता यात अपंग माणसाचा प्रश्न कुठे येतो? घर मोठं असेल तर बँड वरचा. पण अपंग माणसाला काही वेळा जास्तीची जागा ही हौस म्हणून लागत नाही, शरीर तसं आहे म्हणून लागते. चाकाची खुर्ची वळवायला जागा लागते. डायलिसिसचं मशीन ठेवायला खोली लागते. त्या जागेमुळे त्याच्यावर जास्तीचा कर पडू नये म्हणून १९९२ च्या नियमांत ही तरतूद केली, आणि त्याचं बिल एक बँड खाली धरून काढायचं ठरलं. ए बँडला खाली काही नव्हतं, तर २००० च्या एप्रिलपासून त्यांनाही डीचा नववा भाग वजा मिळतो, म्हणजे सहाऐवजी पाच भाग.

माझं घर बी बँडमधलं. त्या वर्षी, म्हणजे २०२४–२५ ला, आमच्याकडे डीचं बिल २,२१४ पौंड होतं. त्याचे नऊ भाग केले की एक भाग २४६ चा. बी बँडचे सात भाग १,७२२, ए बँडचे सहा भाग १,४७६. कपात मिळाली तर वर्षाला २४६ पौंड वाचणार. ई बँडवाल्याचे दोन भाग वाचतात, एच बँडवाल्याचे तीन. इथं बिल एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत जातं. आमचा हप्ता १७२ वरून १४८ च्या आसपास येणार होता. महिन्याला चोवीस पौंड. हीटिंगवर ज्यांचं पाय चालणं अवलंबून असतं त्यांना चोवीस पौंड म्हणजे काय ते माहीत आहे. थंडीत माझा डावा पाय निळा पडतो.

नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "अगं, बँड खाली आला तर घराची किंमत उतरेल का?" नाही. घराचा बँड जिथं आहे तिथंच राहतो, फक्त बिल खालच्या बँडनं काढतात. उद्या घर विकलं तर नव्या माणसाला पूर्ण बिल येतं. दुसरा प्रश्न त्यानं विचारला नाही, पण तो माझ्याच मनात होता. हे सरकारकडे मागणं झालं का?

वडील प्राथमिक शिक्षक होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी मला ताप आला, मी दीड वर्षाची होते, आणि तापातून उठले ती डावा पाय पूर्ण आणि उजवा अर्धा घालवून. वडिलांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेलं, सातवीपर्यंत रोज. वर्षातून एकदा मिरजेहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला, हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत, कॅलिपर बदलायला. वाढत्या पायाला दरवर्षी नवं माप. तिथल्या वर्कशॉपमधला चामड्याचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास मला अजून येतो. सांगलीच्या सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला काढायचा होता तेव्हा वडील तीनदा गेले. डॉक्टरांनी पाय हलवून बघितला, टेपनं मोजला आणि कागदावर लिहिलं, सत्तर टक्के. परतताना एसटीत वडील म्हणाले, "दाखला गरजेपुरता वापरायचा. कुणापुढं हात पसरायचा नाही." मी तो दाखला आयुष्यात दोनदा बाहेर काढला असेल.

म्हणून हा नियम वाचताना मी एका जागी थांबले. यात टक्के नाहीत. उत्पन्न विचारत नाहीत, बँकेत किती आहेत विचारत नाहीत. माणूस 'मोठ्या प्रमाणात आणि कायमचा' अपंग आहे का एवढं एक बघतात, आणि मग सगळे प्रश्न घराला विचारतात. या माणसाच्या गरजेसाठी घरात दुसरं न्हाणीघर किंवा दुसरं स्वयंपाकघर आहे का? न्हाणी, संडास, स्वयंपाकघर सोडून एखादी खोली मुख्यतः त्याच्याच वापरात आणि त्याच्या गरजेसाठी आहे का? घरात चाकाची खुर्ची फिरवायला पुरेशी मोकळी जागा आहे का? तीनपैकी एकाचं उत्तर हो आलं, आणि ती गोष्ट त्या माणसासाठी आवश्यक किंवा फार महत्त्वाची आहे असं दिसलं, की पुरे. सांगलीत माझा पाय मोजला होता. इथं माझ्या दाराची चौकट मोजणार होते. यात हात पसरण्यासारखं मला काही दिसलं नाही. माझ्या घरात जी जागा माझ्या आजारानं खाल्ली आहे तिच्यावरचा कर मी भरू नये, इतकंच ते म्हणणं आहे.

आता आमचं घर. मिडलंड्समधल्या कुठल्याही जुन्या गिरणीगावात असतं तसं लाल विटांचं, रांगेतलं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे न्हाणीघर, सगळं आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. मधे शिडीसारखा उभा जिना. २०११ ला घेतलं तेव्हा मी कॅलिपरवर जिना चढत होते. २०१९ च्या हिवाळ्यापासून शक्ती जायला लागली. आधी वाटलं वय. मग उजव्या पायातही, जो त्यातल्या त्यात बरा होता. डॉक्टरांनी सांगितलं, पोस्ट-पोलिओ. लहानपणी ज्या मज्जापेशी मेल्या त्यांचं काम वाचलेल्यांनी अंगावर घेतलं होतं, चाळीस-पन्नास वर्षं दुप्पट ओझं ओढलं, आता त्या थकल्या. यावर औषध नाही, जपून वापरणं हाच उपाय. भारत २०१४ ला पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी टीव्हीसमोर रडले होते. पण माझ्या पिढीच्या अंगातला पोलिओ अजून संपलेला नाही, हे आपल्याकडच्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवावं.

दोनदा जिन्यावरून पडले. मग मागची खोली माझी झाली. ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई, घरी आल्या. त्यांनी खडूनं जमिनीवर दीड मीटर व्यासाचं वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, खुर्ची वळवायला एवढं लागतं, तुमच्या घरात कुठेही एवढं नाही. डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट या सरकारी अनुदानातून काम झालं. ही ग्रँट मात्र मोठ्या माणसाचं उत्पन्न बघून देतात, इंग्लंडमध्ये कमाल तीस हजार पौंड. मागची खोली आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडली. दारं रुंद केली. न्हाणीघराचा उंबरा काढून सपाट केलं. ओट्याचा एक तुकडा खाली घेतला, त्याच्या खालचं कपाट काढलं, म्हणजे मला खुर्चीत बसून पोळ्या लाटता येतात. हे सगळं २०२१ च्या ऑक्टोबरला पुरं झालं.

तर मग नकार का आला?

पत्रात दोन कारणं होती. खालची खोली ही झोपायची खोली आहे आणि झोपायला खोली सगळ्यांनाच लागते. आणि घरात व्हीलचेअर वापरली जात असल्याचं पाहणीत आढळलं नाही.

मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात राग आला. तिसऱ्या वाचनात कळलं की त्यानं जे बघितलं तेच लिहिलं आहे. नियमात शब्द आहे, खोली 'गरजेसाठी' हवी, आणि न्यायालयांनीही आजवर हेच धरलंय की खोली आणि अपंगत्व यांचा थेट संबंध दिसला पाहिजे. वरची झोपायची खोली खाली आणली, एवढ्यानं तो संबंध आपोआप सिद्ध होत नाही. ती ताईंची खोली वेगळी होती, तिथं उचलायचं यंत्र होतं, व्यायामाचं टेबल होतं, त्या मुलाशिवाय तिथं कुणाचं काही नव्हतं. आमच्या न्हाणीघराचाही उपयोग नव्हता, कारण घरात आधीपासून ते एकच आहे. ते बदललं, वाढलं नाही. आमच्या घराची खरी बाजू होती ती तिसरी, चाकाची खुर्ची. आणि अर्जात तिच्यापुढे मी 'कधी कधी' लिहिलं होतं आणि माणूस आला तेव्हा तिच्यावर चादर घातली होती. नियम असाही आहे की खुर्ची फक्त बाहेर जायला लागत असेल तर धरत नाहीत. घरात लागायला हवी. मी दारात उभी राहून त्याला डोळ्यांनी दाखवलं होतं की घरात लागत नाही.

मुलगी युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली होती. तिला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "आई, तू त्याला तुझा बेस्ट दिवस दाखवलास. मला रोजचा दाखव ना."

"रोजचा तू बघतेसच की."

"मी बघते. त्यानं नाही बघितला."

मग तिनं मला एक काम लावलं. एक आठवडा, सकाळी उठल्यापासून, खुर्चीत बसले की वहीत रेघ आणि उठले की वेळ. मी हिशेबाची माणूस, मला ते जमलं. आठवड्याच्या शेवटी बेरीज केली. पलंग ते न्हाणी, न्हाणी ते ओटा, ओटा ते कामाचं टेबल. दिवसाला अकरा तास. घरात कुबड्यांवर एकूण वीस मिनिटं. ज्या गोष्टीला मी चार वर्षं 'कधी कधी' म्हणत आले होते तिची बेरीज अकरा तास आली. ती वही हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. मला ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

आणि मग मी माझं घर बघितलं, म्हणजे खुर्चीत बसून, त्या उंचीवरून. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, जमिनीपासून एक वीत दोन बोटं वर, पांढरा रंग खरवडून आतलं लाकूड दिसत होतं. चाकाच्या मधला जो आस बाहेर आलेला असतो तो तिथं घासतो. मी डावीकडे वळताना नेहमी जरा लवकर वळते. एकाच जागी, चार बोटं लांब, मधे खोल आणि कडांना उथळ. लाकूड तिथं हाताच्या घामानं होतं तसं गुळगुळीत झालंय. न्हाणीच्या दाराला उजव्या बाजूला तसाच, पण फिकट. गालिचा आम्ही काढलाच होता, पण लॅमिनेटवर पलंगापासून ओट्यापर्यंत दोन समांतर धुरकट पट्टे उमटले होते, बैलगाडीच्या चाकोरीसारखे. नवरा दर दिवाळीला चौकट रंगवतो. त्या वर्षी रंगवायची राहिली होती.

मुलीनं प्रत्येकाचा फोटो काढला, शेजारी मोजपट्टी धरून.

मी कौन्सिलला पत्र लिहिलं. लांब नाही, दीड पान. सोबत ओटी बाईंचा २०२१ चा अहवाल, त्यात ते दीड मीटरचं वर्तुळ आणि भिंत पाडण्याचं कारण दोन्ही होतं. कामाआधीचा आणि नंतरचा घराचा नकाशा. आठवड्याची वही. फोटो. अर्जात मी 'कधी कधी' लिहिलं होतं ते चूक आहे, घरात रोज वापरते, असं स्वच्छ लिहिलं. आणि काम २०२१ च्या ऑक्टोबरला पुरं झालं, तेव्हापासून कपात धरावी, असंही. हे शेवटचं वाक्य नवरा लिहू नको म्हणत होता. आधी चालू वर्षाचं तर मिळू दे, असं त्याचं म्हणणं. मी लिहिलं. मागितल्याशिवाय मागची बाकी कुणी काढत नाही, हे मला माझ्या धंद्यात रोज दिसतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. नकार आला म्हणून तिथंच सोडू नका. आधी कौन्सिललाच लेखी कळवायचं की निर्णय मान्य नाही. त्यांना दोन महिने असतात. तरी नाही म्हणाले, किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्यूनलकडे, म्हणजे अशा कराच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

सात आठवड्यांनी पुन्हा माणूस आला. या वेळी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी कॅलिपर घातलं नाही. बेल वाजली तेव्हा खुर्चीत बसून दार उघडलं. हे लिहायला सोपं आहे. दार उघडताना खुर्ची आधी मागे घ्यावी लागते, मग कडी काढायची, मग पुन्हा मागे, आणि समोरचा माणूस तेवढा वेळ आपल्याकडे वरून बघत असतो. माझे कान गरम झाले होते. त्या बाई आत आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा चौकटीवरचा तो खरवडा बघितला. फोटोत होता, तरी खाली वाकून बोटानं चाचपला. मग म्हणाल्या, स्वयंपाकघरात कशा जाता ते दाखवाल का? मी गेले, वळले, ओट्याखाली गुडघे घातले. त्यांनी टेपनं मोकळी जागा मोजली. चहा मी खुर्चीतूनच केला आणि त्यांनी तो घेतला.

जुलैमध्ये मंजुरी आली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून. मागचे पाचशे साठ पौंड बिलातून वळते झाले आणि हप्ता उतरला.

ते पैसे आले त्या संध्याकाळी मी तासगावला भावाला फोन केला. वडील आता नाहीत. भाऊ म्हणाला, "आण्णांना आवडलं असतं का गं?" मी त्याला वही, टेप, चौकट सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आण्णा तीन वेळा सिव्हिलला गेले होते तुझ्या दाखल्यासाठी. तीन वेळा. हक्काचं असल्याशिवाय ते गेले असते का?" मला ते तीन हेलपाटे आठवत होते, पण मी त्यांच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. मला फक्त हात पसरू नकोस हेच लक्षात राहिलं होतं.

विचारणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी, मला नेहमी मेसेज येतात म्हणून. भाड्याच्या घरालाही ही कपात लागू आहे, बिल ज्याच्या नावावर आहे त्यानं अर्ज करायचा. पीआयपी, म्हणजे अपंगत्वाचा सरकारी भत्ता, मिळत असेल तर त्याचं पत्र जोडा, पण ते नसेल तर अर्ज करू नये असं नाही. घरात डिमेन्शियाचं कुणी असेल तर त्याची सवलत पूर्ण वेगळी आहे. डॉक्टरचा दाखला आणि ठरावीक भत्त्यांपैकी एकाची पात्रता असेल तर त्या व्यक्तीला बिलाच्या मोजणीतून वगळतात, आणि घरात दुसरं एकच मोठं माणूस असेल तर पाव बिल कमी होतं. ती आणि ही दोन्ही एकत्र मिळू शकतात. आणि उत्पन्न कमी असेल तर कौन्सिल टॅक्स सपोर्ट ही तिसरीच गोष्ट. कौन्सिलच्या फोनवर तिन्हींची गल्लत होते, म्हणून फोन करताना पूर्ण नाव घ्या, 'डिसेबल्ड बँड रिडक्शन'. स्कॉटलंड आणि वेल्समध्येही ही कपात आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच नाही, तिथं रेट्स आहेत आणि योग्य त्या सोयी केलेल्या घराला त्यात पंचवीस टक्के कमी होतात.

एका वाचक मावशींनी विचारलं होतं, तपासणीला माणूस येणार आहे, घर आवरून ठेवू का? मावशी, नका आवरू. कमोडची खुर्ची जिथं असते तिथंच राहू द्या. ऑक्सिजनची नळी, पलंगाचा कठडा, औषधांचा डबा, सगळं रोजच्या जागी. काकांना त्या दिवशी मुद्दाम उठवून खुर्चीत बसवू नका.

कपात एकदा मिळाली की संपलं असं नसतं. दरवर्षी कौन्सिल एक फॉर्म पाठवतं, परिस्थिती बदलली का ते विचारायला. यंदाचा मार्चमध्ये आला, नव्या बिलाच्या आठवडाभर आधी. तिसरा प्रश्न तोच होता, घरात व्हीलचेअर वापरता का? नवरा चौकट रंगवायचा डबा घेऊन आला होता, त्याला म्हटलं ती बाजू राहू दे. मी पेन घेतलं आणि लिहिलं, हो. रोज. अकरा तास.